नाव नसलेल्या वस्तूंबाबत

आमच्या नगरपालिकेच्या पाळणाघरांत मुलाबरोबर येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मुलाचे नाव लिहिलेले असणे बंधनकारक आहे. हा नियम कोणत्या दिवट्याने केला, असे पालक दारात बूट काढता काढता एकमेकांना विचारत असतात. नियम मी केला. मी इनागाकी मोतोहारू, बालसंगोपन विभागाचा उपप्रमुख आणि चार मुलांचा बाप. पैकी पहिले पद मी पूर्णवेळ सांभाळतो. दुसऱ्याचा माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे.

नियमामागे कारण होते. आठ वर्षांपूर्वी एका पाळणाघरात डाव्या पायाचा एक पिवळा मोजा सापडला. तो कोणाचा हे ठरेना, म्हणून विभागात चार तासांची बैठक झाली आणि तीत मी परिपत्रक क्रमांक चौदाचा मसुदा मांडला. पुढे पालकांच्या शंका येत गेल्या तशी स्पष्टीकरणे काढावी लागली. मोजे जोडीने मोजू नयेत. डाव्यावर आणि उजव्यावर स्वतंत्र नाव असावे. खडूंच्या पेटीवर नाव असणे पुरेसे नाही. प्रत्येक खडूवर हवे. डायपरच्या पुडक्यावर नव्हे, प्रत्येक डायपरवर हवे, कारण पुडक्यातून बाहेर पडलेला डायपर आपण कोणाचे हे स्वतः सांगू शकत नाही. इतके करूनही नाव नसलेली वस्तू सापडलीच, तर ती बेवारस कपाटात जमा होते आणि नमुना क्रमांक सात भरल्यावरच परत मिळते. नमुना भरताना मागणाऱ्याने वस्तूकडे न बघता तिचे वर्णन द्यायचे असते. हे न बघण्याचे कलम मला एका दुपारी चहा पिताना सुचले होते आणि विभागप्रमुख ओनुकीसाहेबांनी त्याचे भर बैठकीत कौतुक केले होते.

सगळे सुरळीत चालले होते. तेवढ्यात वरून आदेश आला, की पुरुष कर्मचाऱ्यांपैकी किमान तीस टक्क्यांनी संगोपन रजा घेतलीच पाहिजे. आमचा विभाग खुद्द बालसंगोपनाचा, आणि आमची टक्केवारी शून्य. ओनुकीसाहेबांनी मला बोलावून घेतले.

“इनागाकी, तुम्हाला मुलं किती?”

“चार, साहेब. मोठी सहाव्या वर्षात, मधले जुळे तीन वर्षांचे, धाकटी दीड वर्षाची.”

“चार! अहो, मग इतके दिवस लपवून काय ठेवलंत? दोन आठवडे रजा घ्या.”

“पण साहेब, कामं पडलीत.”

“हे कामच आहे. रोजचा अहवाल पाठवत जा. आणि जायच्या आधी सूचनाफलकासाठी एक फोटो काढून घ्या, बाळ कडेवर घेऊन. जरा हसरा चेहरा ठेवा.”

फोटो छान आला. त्यातले बाळ मात्र जन्मनोंद विभागातल्या एका बाईंचे आहे, कारण आमची धाकटी कोतोने माझ्या कडेवर यायला तयार झाली नाही. ओनुकीसाहेब म्हणाले, फलकावरून एवढे काही कळत नाही.

पहिला आठवडा बायको कायोको घरात असल्यामुळे निभावला. ती बस डेपोत वेळापत्रके लावते, त्यामुळे तिच्या हाताखाली चार मुले आणि एक नवरा आपापल्या वेळेला सुटत असत. दुसऱ्या आठवड्यात तिला नागोयाला पाच दिवसांचे प्रशिक्षण होते. रविवारी दुपारी बॅगेची चेन ओढत ती म्हणाली, “नावं लिहायची राहिलीत. महिन्याचे डायपर, नवे टॉवेल, टोप्या, सगळंच. कोतोनेचे कपडे आधी हायातेचे होते, त्याच्या आधी नात्सुमेचे. तेव्हा जुनी नावं खोडून नवीन घाल.”

“किती वस्तू असतील?”

“परिपत्रक तुझंच ना? मग मोज की.” दारातून ती पुन्हा वळली. “आणि ऐक. शुक्रवारी सहा चाळीसच्या गाडीनं येते. चौघं मला स्टेशनवर हवीत. पाच दिवस मी त्यावर काढणार आहे.”

“त्यात काय मोठंसं,” मी म्हणालो.

वस्तू चारशे शहाऐंशी भरल्या. मी जमिनीवर बसलो, पेन उघडले, आणि मदतीला चौघेही आले. मोठी नात्सुमे अक्षरे शिकल्यापासून कामाच्या शोधातच असते. तिने फ्रिजवर ‘फ्रिज’, भिंतीवर ‘भिंत’ आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर ‘बाबा’ असे सुवाच्य लिहिले. जुळ्यांपैकी इत्सुकीने डायपर डोक्यात घातला, हायातेने तो काढू द्यायला नकार दिला, आणि दोघे आगीच्या बंबाचा आवाज काढत टेबलाभोवती धावू लागले. कोतोने मोज्यांच्या ढिगावर बसून एक एक मोजा चाखून परत ठेवत होती. दीड तासात माझ्या अकरा वस्तू झाल्या, आणि त्यांपैकी चार ओल्या होत्या.

तेव्हा मला घरातला शिक्का आठवला. आमच्याकडे कागद कुठलाही असो, घराच्या दाखल्याचा असो की पार्सलच्या पावतीचा, त्यावर आडनावाचा गोल लाल शिक्का उमटला की विषय मिटतो. सतरा वर्षांच्या नोकरीत माझा हात शिक्क्यावर जसा बसला आहे तसा पेनावर बसलेला नाही. मी परिपत्रक पुन्हा वाचले. त्यात ‘मुलाचे नाव’ असे म्हटले होते. आडनाव चालणार नाही असे कुठेही म्हटले नव्हते. शाईची डबी उघडली आणि तासाभरात चारशे शहाऐंशी वस्तूंवर ‘इनागाकी’ उमटवून मोकळा झालो. जुळ्यांनी हट्ट धरला म्हणून त्यांच्या पोटांवरही एक एक मारला. आपण इतकी वर्षे लोकांना उगाच लिहायला लावले, असा विचार तेवढ्यापुरता मनात येऊन गेला.

सोमवारी सकाळी सायकलवर पुढे एक जुळा, मागे दुसरा, पाठीला कोतोने, बाजूने नात्सुमे पळतेय, अशी वरात घेऊन मी पाळणाघरात पोचलो. तिथल्या मुख्य शिक्षिका मोरिवाकीबाई. चोवीस वर्षांची नोकरी, आवाज कधी चढत नाही. त्यांनी पिशव्या उघडून पाहिल्या.

“इनागाकीसान, हे चौघांचंही सामान?”

“हो.”

“यातलं कोणाचं कोणतं?”

“सगळं इनागाकीचंच आहे.”

“बरं,” मोरिवाकीबाई म्हणाल्या. “मग कलम चार लागेल. एका नावाला एक खण, एका खणाला एक वही. तुमचंच आहे कलम.”

त्यांनी चार खणांवरच्या चार चिठ्ठ्या काढल्या आणि एका खणावर ‘इनागाकी’ अशी एक चिठ्ठी लावली. मला वाटले, चला, सुटसुटीत झाले. संध्याकाळी चौघांना घेऊन घरी आलो आणि वही उघडली. तीत लिहिले होते: ‘आज इनागाकी चार वेळा जेवला. भात सगळा संपवला. भात सगळा सांडला. दुपारी एक ते तीन शांत झोपला. दुपारी एक ते तीन झोपाळ्यावरून उतरायला तयार नव्हता. शी सात वेळा. प्रकृती उत्तम.’

तरीही ते दिवस वाईट नव्हते. खरे सांगायचे तर मजेत गेले. रोज संध्याकाळी आंघोळीला चौघे एकदम टबात शिरत आणि निम्मे पाणी माझ्या अंगावर येई. मग मी गुडघ्यांवर येऊन घोडा होत असे आणि बैठकीच्या खोलीत सात फेऱ्या मारत असे. अहवालात मी याची नोंद ‘सायं. ७ ते ७.३०, वाहतूक व्यवस्था’ अशी केली. कोतोने मात्र घोड्यावर बसेना. ती दाराआडून बघायची, आणि मी जवळ गेलो की गळा काढायची.

मंगळवारी वजन-उंचीचा दिवस होता. बुधवारी आरोग्य विभागाचे पत्र आले. ‘आपल्या अपत्याचे वजन सत्तावन्न किलो व उंची तीन मीटर अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर असल्याचे आढळून आले आहे. उंचीच्या मानाने वजन कमी आहे. सबब दुधाचे प्रमाण वाढवावे. तसेच अपत्य एकाच वेळी झोपते व झोके घेते असे वहीवरून दिसते. दिनचर्येला शिस्त लावावी.’ पत्राची भाषा इतकी नेटकी होती की चूक कुठे आहे हे माझ्या लवकर ध्यानात आले नाही. मी शिक्का मारून पोच दिली आणि येताना दूध जास्तीचे आणले.

गुरुवारी दुपारी ओनुकीसाहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“इनागाकी, कमाल केलीत! तुमच्या पाळणाघरात तीन जागा रिकाम्या झाल्यात. प्रतीक्षायादी तीननं उतरली. तुम्ही रजेवर असतानासुद्धा!”

“जागा कुठून आल्या, साहेब?”

“नोंदवहीत चार इनागाकी होते, आता एकच आहे. मी सकाळीच सही करून यादी नक्की केली. वर कळवलंसुद्धा.”

“आभारी आहे, साहेब,” मी म्हणालो. वरिष्ठांनी कौतुक केले की आभारी आहे म्हणायचे, ही सवय अंगात इतकी भिनली आहे, की फोन ठेवून मी पुन्हा अहवालाकडे वळलो.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मी पाळणाघरात गेलो. स्टेशन दहा मिनिटांवर. मोरिवाकीबाईंनी नात्सुमेला हाताला धरून बाहेर आणले, माझ्याकडून सही घेतली आणि वाकून नमस्कार केला.

“या आता. शनिवार-रविवार मजेत घालवा.”

“आणि बाकीचे?”

“कोण बाकीचे?”

“इत्सुकी, हायाते, कोतोने. माझी मुलं!”

“इनागाकीसान, साहेबांच्या सहीची यादी आज दुपारी आली. नोंदवहीत आता एकच इनागाकी आहे. सोमवारी दारातून जी पहिली आत आली ती. ती तुम्हाला दिली.”

“अहो, पण ते तिघं आत आहेत! मला आवाज येतोय!”

“आहेत ना. पण ते कोणाचे याची नोंद नाही. म्हणून बेवारस विभागात ठेवलेत. खाऊ दिलाय, खुशीत आहेत.”

“त्यांच्या कपड्यांवर नाव आहे. स्वच्छ शिक्का आहे.”

“तो कपड्यांचा झाला. कपडे हवे असतील तर काढून देते.”

मी कलमे आठवू लागलो. एकाही कलमातून बाहेर पडायला वाट नव्हती; मसुदा माझा असल्याने ती असणारही नव्हती. शेवटी मी विनवणीवर आलो. “मोरिवाकीबाई, सहा चाळीसची गाडी आहे. बायको येतेय. एवढ्या वेळेपुरतं जरा...”

“तीन वर्षांपूर्वी एक आजी आल्या होत्या,” मोरिवाकीबाई शांतपणे म्हणाल्या. “नातवाची टोपी न्यायला. टोपीवर ससा होता. सशाला कान किती, असं नमुन्यात विचारलं होतं. आजींनी लिहिलं, दोन. एक तुटला होता. मी विभागाला लिहून विचारलं, द्यायची का टोपी? तुमच्या सहीचं उत्तर आलं, ‘नियमात शिथिलता देता येत नाही.’ टोपी अजून कपाटात आहे. ते मूल आता शाळेत जातं.”

त्यांनी माझ्यापुढे नमुना क्रमांक सातच्या तीन प्रती ठेवल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडे वळवली. माझ्या पाठीमागे जाळीच्या पडद्याआड तिघे खिदळत होते. मी आयुष्यात असंख्य नमुने तयार केले आहेत. भरायला घेतलेला हा पहिलाच.

पहिल्या रकान्यात नाव आणि जन्मतारीख. ते धडाधड भरले. रहिवासी क्रमांकही पाठ होते, तेही लिहिले. पुढचा रकाना होता ‘ओळखण्याची खूण’. इत्सुकीच्या नमुन्यावर मी लिहिले, ‘हायातेसारखा दिसतो.’ हायातेच्या नमुन्यावर लिहिले, ‘इत्सुकीसारखा दिसतो.’ कोतोनेसाठी थोडा विचार करून लिहिले, ‘गोल. रडते.’

“रडली की कशानं थांबते?” मोरिवाकीबाईंनी विचारले.

“कायोकोनं घेतलं की.”

“आणि त्या नसताना?”

सोमवारपासून ती किती वेळा रडली आणि किती वेळा थांबली, आणि ती कशी थांबली हे मी एकदाही बघितले नव्हते. दर वेळी नात्सुमे काहीतरी करायची आणि मी अहवालाकडे वळायचो.

“शेवटचं कधी पाहिलंत?”

“आज सकाळी.”

“नीट?”

मला लाज वाटली. आठ वर्षांत लोकांनी शिव्या घातल्या, वर्तमानपत्रात पत्रे आली, तेव्हा कधी वाटली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि माझ्या तिन्ही नमुन्यांवर मोरिवाकीबाईंनी ‘वर्णन अपुरे’ असे लिहून ते मला परत दिले.

नात्सुमे शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, “बाबा, मी सांगू? मला येतं सगळं.”

“वस्तूकडे न बघता सांगायचं हं,” मोरिवाकीबाई म्हणाल्या.

नात्सुमेने दोन्ही हातांनी डोळे झाकले. “इत्सुकीच्या डाव्या कानामागे तीळ आहे. तो नात्तोचं चिकट सोयाबीन खातो. हायाते नात्तोचे दाणे टाकतो आणि नुसत्या तारा खातो. हायाते हसायच्या आधी नाक ओढतो. त्याला कुत्र्याची भीती वाटते, पण तो सांगतो की इत्सुकीला वाटते. इत्सुकी म्हणतो हो, मलाच वाटते.”

“वस्तूचा नेहमीचा उपयोग?” मोरिवाकीबाई लिहून घेत होत्या.

“हायातेचा इत्सुकीला उठवायला. इत्सुकीचा हायातेला झोपवायला.”

“आणि धाकटी?”

“कोतोने रडली की तिचं बोट माझ्या कानात घालू द्यायचं. मग ती हसते. खूप गुदगुल्या होतात, पण हलायचं नाही. आणि ती बाबांना घाबरत नाही. बाबा एकदम येतात, म्हणून दचकते. हळू यायचं.”

पडद्यामागून कोणीतरी नाक ओढले आणि मग मोठ्याने हसले. मोरिवाकीबाईंनी तिन्ही नमुन्यांवर शिक्का मारला. “वर्णन जुळतं. कलम नऊप्रमाणे वर्णन देणाऱ्याच्या ताब्यात वस्तू द्यायची. ताबेदार, इनागाकी नात्सुमे. इथे सही कर बाळा.”

नात्सुमेने जीभ बाहेर काढून सही केली. पडदा सरकला आणि तिघे तिच्या अंगावर येऊन आदळले. मी पिशव्या उचलून त्यांच्या मागे निघालो, तोच मोरिवाकीबाईंनी हात आडवा धरला.

“आणि हे कोणाचं?”

त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या. माझ्या नावावर आता आत कोणीही मूल नव्हते. सहा वाजून गेल्यावर आवारात विनाकारण आढळलेली वस्तू कुठे जमा होते हे मला चांगले ठाऊक होते.

“ते पण आमचंच आहे,” नात्सुमे म्हणाली, आणि कोणी न सांगता तिने पुन्हा डोळे झाकले. “उंच आहे. राखाडी आहे. गळ्यात दोरीला नाव अडकवलेलं असतं, म्हणून हरवत नाही. आम्ही झोपल्यावर घरी येतं आणि उठायच्या आत जातं. पण हे दोन आठवडे घरीच होतं. ऑम्लेट जाळतं आणि स्वतःच जळलेलं खातं, चांगलं आम्हाला देतं. घोडा झालं की डाव्या गुडघ्यात कट्ट वाजतं.”

“उपयोग?”

नात्सुमेने बराच वेळ विचार केला. “अजून नीट कळलं नाही. पण राहू दे आमच्याकडे.”

मोरिवाकीबाईंनी माझ्यासाठी चौथा नमुना काढून त्यावर शिक्का मारला. चोवीस वर्षांत प्रथमच, असे लोक सांगतात, त्या मोठ्याने हसल्या.

सहा चाळीसला आम्ही स्टेशनच्या दारात होतो. कायोको गर्दीतून आली आणि लांबूनच बोटाने मोजत आली: एक, दोन, तीन, चार. मग माझ्याकडे बघून थांबली. कोतोने माझ्या कडेवर होती. तिचे एक बोट खोलवर माझ्या कानात होते, आणि मी जराही हलत नव्हतो.

“नावं लिहिलीस सगळी?” कायोकोने विचारले.

“लिहिली. पुन्हा लिहायला लागतील,” मी म्हणालो.

सोमवारी मी कामावर रुजू झालो. ओनुकीसाहेबांना वाटले होते, मी परिपत्रक चौदा रद्द करायला सांगेन. रद्द करणे हे आमच्या विभागाच्या कार्यकक्षेत येत नाही. नोंदवही दुरुस्त करायला मला नऊ अर्ज करावे लागले, कारण मुलगे-मुली कमी करायला एक सही पुरते आणि वाढवायला नऊ लागतात. आजींची टोपी मात्र मी स्वतः नेऊन दिली. आता ती नातवाला बसत नाही, तरी आजींनी ठेवून घेतली. आणि परिपत्रक क्रमांक एकतीस काढले. त्यानुसार डायपरवर नाव नसले तरी चालेल. मात्र संध्याकाळी मूल न्यायला येणाऱ्याने त्याच्याकडे न बघता त्याचे वर्णन द्यावे. पहिल्या आठवड्यात शहरातले एकशे बारा बाप आणि एकोणीस आया रिकाम्या हाताने घरी गेले. नातीला न्यायला आलेले ओनुकीसाहेबही तसेच परतले. त्यांनी तिच्या खुणेत लिहिले होते, ‘टक्केवारीत बसते.’

आपण मघापासून हसत आहात, हे मला दिसते आहे. तेव्हा आपणही बसा. खुर्ची भिंतीकडे करा. आपल्या धाकट्याच्या कोणत्या कानामागे तीळ आहे, तो कशाला घाबरतो आणि ते कोणाच्या नावावर खपवतो, एवढेच लिहायचे आहे. ज्यांना मुले नाहीत त्यांनी आईच्या कोणत्या हातावर भाजल्याचा डाग आहे ते लिहावे. फोनमधला फोटो काढून बघू नये. नमुना दोन प्रतींत भरावा. खिडकी सात वाजता बंद होते.